पुढे येणाऱ्यासाठी चार ओळी

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये वासडेल हेड नावाची एक चिंचोळी दरी आहे. दरीच्या टोकाशी एक जुनं हॉटेल आणि भोवती स्कॅफेल, ग्रेट गेबल, पिलर हे कातळकडे. ब्रिटनमध्ये प्रस्तरारोहण हा स्वतंत्र खेळ म्हणून उभा राहिला, तो मुख्यतः या दरीत. वॉल्टर पॅरी हॅस्केट स्मिथ हा तरुण १८८१ मध्ये इथे पहिल्यांदा आला. पाच वर्षांनी, २७ जून १८८६ रोजी, ग्रेट गेबलच्या अंगावरचा नेप्स नीडल हा सुळका तो एकट्याने, दोराशिवाय चढून गेला. सुळक्याचा माथा सपाट आहे की निमुळता हे खालून कळेना, म्हणून त्याने आधी वर दगड फेकून पाहिले. दगड टिकला तर वर हाताला धरायला काहीतरी असणार, हा हिशेब. माथ्यावर खूण म्हणून रुमाल ठेवून तो उतरला. त्यानंतरची चढाई व्हायला १८८९ चा मार्च उजाडला. १८९० मध्ये कोचर आडनावाची एक स्त्रीही त्या माथ्यावर उभी राहिली.

मधल्या काळात या मंडळींना एकमेकांची माहिती मिळत होती ती दोन ठिकाणी: संध्याकाळी शेकोटीपाशी, आणि हॉटेलच्या अभिप्रायाच्या वहीत. अभिप्रायाच्या वहीत जे असतं ते सगळं तिथेही असणार: पावसाची कुरकुर, जेवणाची तारीफ, कुणाची तरी यमकं. त्या गर्दीतच कुठेतरी कुणी लिहून जाई की अमुक घळीतून वर गेलो, वाटेत इतकी अडचण आली. १८९० मध्ये या हॉटेलात फक्त चढाईच्या नोंदींसाठी वेगळी वही ठेवण्यात आली. ती १९१९ पर्यंत भरत राहिली. तिकडे वेल्समध्ये पेन-इ-ग्वरिड या हॉटेलात त्याआधीच, १८८४ पासून, अशी एक वही होती आणि तिला चक्क कुलूप होतं. तिचं नावच ‘लॉक्ड बुक’ पडलं.

मला हे कुलूप फार आवडतं. कागदाच्या वहीला कुलूप लावावंसं वाटणं याचा अर्थ इतकाच, की तिच्यात काय यावं आणि काय येऊ नये हे कुणालातरी जिवाच्या मोलाचं वाटलं होतं. या दोन वह्यांमधून आणि नंतर त्यांच्यावर पोसलेल्या छापील मार्गदर्शिकांमधून एक लेखनप्रकार घडला. वाटेची नोंद. तिला कुणी साहित्यात धरत नाही, आणि तिच्या लेखकांनाही तशी हाव नसते. तरी तिचं रसग्रहण करता येतं आणि ते दहावीच्या पेपरासाठी शिकवलेल्या पद्धतीनेच करता येतं: आधी आशय, मग काव्यसौंदर्य, मग भाषा. फक्त इथे तिन्हींना एकच कसोटी आहे. ओळ वाचून पुढच्या माणसाच्या हाता-पायांच्या हालचालीत, किंवा निदान निर्णयात, काही फरक पडतो का? या लेखनात उपयोग आणि सौंदर्य यांच्यात शिवण दिसत नाही. जिथे नोंद निरुपयोगी होते, नेमकी तिथेच ती कुरूपही होते. हेच मला दाखवायचं आहे.

त्यासाठी समोर मजकूर हवा. एक नोंद मी इथे रचतो. ती कोणत्याही खऱ्या कड्याची नाही, तेव्हा हिच्या भरवशावर कुणी दोर बांधू नये. पण तिचा घाट खऱ्या नोंदींचाच आहे. (चिमणी म्हणजे अंग शिरेल एवढी उभी भेग, रॅपल म्हणजे दोरावरून उतरणं.)

“दुसरा टप्पा, २५ मीटर. कपारीच्या डाव्या टोकापासून फटीने सरळ वर. फट मिटते तिथून उजवीकडे आडवं जाऊन चिमणीत. चिमणीच्या तोंडाशी अडकलेला मोठा दगड भक्कम दिसतो, हलतो. मधल्या आठ मीटरमध्ये दोर अडकवायला जागा नाही. वरच्या कपारीवरचे दोन बोल्ट जुने. डावीकडे खांद्याच्या उंचीला चांगली फट आहे. याच वाटेने रॅपल करू नये, दोर फटीत अडकतो. मागच्या घळीने उतरावं. फेब्रुवारी. कातळ कोरडा, सकाळभर सावली.”

पहिल्या वाचनात जाणवते ती लिहिणाऱ्याची गैरहजेरी. ‘मी’ कुठेच नाही. तो घाबरला का, त्याला आनंद झाला का, वर पोचल्यावर काय दिसलं, यातलं काही नाही. क्रियापदंसुद्धा जागोजाग गळलेली आहेत. ‘फटीने सरळ वर.’ ‘आडवं जाऊन चिमणीत.’ मराठीला ही सवय मुळातच आहे. क्रियापद टाकूनही आपली वाक्यं पायांवर उभी राहतात. इथे मात्र ती काटकसर शैलीसाठी केलेली नाही. ही ओळ वाचणारा खुर्चीत बसलेला नसतो. तो कपारीवर उभा आहे, एक हात दोरावर आहे, कागद खिशातून अर्धा बाहेर आलेला आहे. त्याला एक वाक्य वाचून, पाठ करून, पुढचे दहा मीटर ते डोक्यात ठेवायचं आहे. डोक्यात मावेल एवढीच त्या वाक्याची लांबी.

‘मी’ गेला की त्या जागी वाचणारा येऊन उभा राहतो. ही नोंद भूतकाळात लिहिली असती (फटीने चढलो, मग उजवीकडे गेलो) तर ती आठवण झाली असती. काळ काढून टाकल्यामुळे ती वाट झाली.

आता दिशा पाहा. ‘डावं टोक’, ‘उजवीकडे’ हे शब्द कातळाकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचे आहेत. हा या लेखनातला अलिखित करार आहे. पण माथ्यावर पोचलेला माणूस वळतो, दरीकडे तोंड करतो, आणि त्याची डावी-उजवी उलटी होते. म्हणून उतरण्याच्या वाक्यात लिहिणाऱ्याने डावं-उजवं वापरलेलंच नाही. तो ‘मागच्या घळीने’ म्हणतो. कड्याच्या मागची घळ कुठेही तोंड केलं तरी मागचीच राहते. थकलेल्या, उन्हं कलताना वर उभ्या असलेल्या माणसाचा विचार करून हा एक शब्द निवडलेला आहे. कवितेत असा शब्द सापडला असता तर आपण त्यावर परिच्छेद लिहिला असता.

सर्वांत नाट्यमय वाक्य अर्थात दगडाचं. ‘भक्कम दिसतो, हलतो.’ पहिलं क्रियापद डोळ्यांचं, दुसरं हाताचं. मधल्या स्वल्पविरामात लिहिणाऱ्याचा तो क्षण आहे, ज्यात त्याने दगडावर भार टाकला आणि काहीतरी सरकल्याचं त्याला कळलं. तो क्षण तो सांगत नाही. ‘माझ्या काळजाचा ठोका चुकला’ असं लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला त्याच्या काळजाविषयी कळलं असतं. इथे दगडाविषयी कळतं. आणि गंमत अशी की काळीजही कळतंच.

तसंच ‘मधल्या आठ मीटरमध्ये’ हा आकडा. पुढे चढणारा माणूस शेवटच्या अडकवलेल्या बिंदूच्या आठ मीटर वर असताना सुटला, तर आधी ते आठ मीटर खाली येतो आणि मग त्या बिंदूच्या खाली आणखी आठ. सोळा मीटर, वर दोराचा ताण. अमेरिकेतल्या मार्गदर्शिका यासाठी अक्षरं वापरतात. तिथल्या चित्रपटांच्या प्रमाणपत्रांवरून उसनी घेतलेली पीजी, आर, एक्स. एक्स म्हणजे पडलात तर जिवावर बेतण्याची शक्यता धरा. पण अक्षर निकाल सांगतं, आकडा गणित करायला लावतो. ‘अत्यंत धोकादायक’ या शब्दांनी जे झालं नसतं ते ‘आठ मीटर’ करतो, कारण भीती वाचणाऱ्याने स्वतः मोजून काढलेली असते.

नोंदीत एक शब्द कच्चा आहे, तोही सांगायला हवा. ‘बोल्ट जुने’. किती जुने? गंजलेले की नुसते मळलेले? हलतात की घट्ट आहेत? इथे लिहिणाऱ्याची नजर थकली. तरी त्याने लगेच शेजारी पर्याय ठेवला आहे, डावीकडची फट, म्हणून त्याला माफ करता येतं. नुसती शंका पेरून निघून गेला असता तर नोंद अर्धवट राहिली असती.

या नोंदीत काय नाही, तेही वाचायला हवं. चिमणीत शिरताना पाठ कोणत्या भिंतीला टेकवायची, कोणता पाय आधी उचलायचा, हे तिने सांगितलेलं नाही. लिहिणाऱ्याला ते ठाऊक होतं. तो तिथून गेला आहे. पण प्रस्तरारोहणात काहीही पूर्वमाहिती न घेता, पहिल्याच प्रयत्नात, न पडता वर जाण्याला वेगळा मान आहे. कोडं सोडवण्यात जो आनंद आहे तो उत्तर हातात देणाऱ्याने हिरावून घेतलेला असतो. म्हणजे या लेखनाला एकाच वेळी दोन धर्म पाळायचे आहेत: जीव वाचवणारं काही लपवायचं नाही, आणि खेळ संपवणारं काही सांगायचं नाही. हलणारा दगड निसर्गाने घातलेलं कोडं नव्हे, तो सापळा आहे. तो सांगितलाच पाहिजे. पाय कुठला आधी, हे कोडं आहे. ते झाकून ठेवलं पाहिजे. आपल्याकडच्या काव्यशास्त्राने न सांगता सुचवण्याला मोठं मानलं. वाटेच्या नोंदीत तेच मूल्य आहे, पण इथे कुठे सांगायचं आणि कुठे सुचवायचं याची चूक झाली तर दुसऱ्याचं हाड मोडतं.

कुठलीही अशी नोंद फार दिवस एकटी राहत नाही. तिच्याखाली दुसरे हात लिहू लागतात. आपल्या नोंदीखालीही चार हातांनी लिहिलं असं धरू.

पहिला हात: “जबरदस्त! आयुष्यात एकदा तरी करायलाच हवी अशी चढाई.” दुसरा: “एवढं काही अवघड नाही. उगाच बाऊ केलाय.” तिसरा: “माझी उंची पाच फूट एक इंच. आडवं जाताना वरची पकड हाताला येत नाही. गुडघ्याच्या पातळीला पायासाठी बारीक कड आहे, तिच्यावरून जमतं.” चौथा: “चिमणीच्या तोंडाशी दगड आता नाही. खाली घसाऱ्यात पडलेला दिसला. तोंड रुंद झालंय, शिरणं पूर्वीपेक्षा कठीण. नोव्हेंबर, पावसाळ्यानंतरची पहिली चढाई.”

पहिल्या हाताबद्दल मनात राग येत नाही. माणूस आनंदात आहे आणि आनंद कुणाला तरी सांगायचाच असतो. पण ही ओळ या पानावर निरुपयोगी आहे, कारण ती कोणत्याही कड्याखाली चालली असती. रायगडावर, माथेरानच्या पॉइंटवर, एखाद्या नाटकानंतरही चालली असती. नोंदीतली स्तुतीसुद्धा त्या कातळापुरती असली पाहिजे. ‘फटीतल्या पकडी शेवटपर्यंत हाताला बसणाऱ्या’ असं त्याने लिहिलं असतं तर तीच स्तुती माहिती झाली असती.

दुसरा हात जास्त त्रासदायक, कारण तो माहितीच्या वेषात येतो. ‘अवघड नाही’ हे कातळाविषयीचं विधान वाटतं; असतं मात्र लिहिणाऱ्याविषयीचं. त्याची उंची किती, तो किती वर्षं चढतोय, त्या दिवशी तो पुढे होता की वरून सुटलेल्या दोरावर मागून आला, यातलं काहीच तो सांगत नाही. मागून येणाऱ्याला ते आठ मीटर नसतातच; दोर त्याच्या डोक्यावरून आलेला असतो. त्याच्यासाठी बाऊ, पुढच्यासाठी सोळा मीटर. अशा ओळीचं आणखी एक दुष्कृत्य असतं: ती वाचून एखादा नवखा ‘मला भीती वाटली’ हे लिहायला लाजतो. वहीतली एक बढाईखोर ओळ दहा खऱ्या ओळी गिळते.

तिसऱ्या हातापाशी ‘मी’ परत आला. मघाशी आपण ‘मी’च्या गैरहजेरीचं कौतुक केलं, मग आता काय? फरक असा, की हा ‘मी’ मोजपट्टी म्हणून आला आहे. पाच फूट एक इंच. कठीणपणा हा कातळ आणि शरीर यांच्यामधला असतो, आणि पहिल्या लेखकाने आपलं शरीर सगळ्यांचं धरून चाललं होतं. अमेरिकेतल्या योसेमिटी खोऱ्यातल्या एल कॅपिटान या कड्यावरची ‘द नोझ’ ही वाट १९५८ मध्ये पहिल्यांदा चढली गेली. ती हाता-पायांच्या बळावर, साधनांना न लटकता, प्रथम चढली लिन हिल या अमेरिकन स्त्रीने, १९९३ मध्ये. ठेंगण्या बांध्याच्या या बाईची बारीक बोटं तिथल्या ‘ग्रेट रूफ’च्या चिंचोळ्या फटीत बसली, हे आरोहणाच्या इतिहासात नेहमी सांगितलं जातं. इतर ठिकाणी तिला तिची उंची आडही आली असणार. एकाच फटीचे बोटांच्या जाडीप्रमाणे दोन वेगवेगळे कातळ होतात. म्हणून तिसऱ्या हाताने पायाची कड सांगून टाकली, कोडं थोडं उघडं केलं, तरी मी त्याला दोष देत नाही. ज्या वाचणाऱ्यासाठी पहिली नोंद मुकी होती त्याच्यासाठी तो बोलला आहे.

आणि चौथा हात. हा तर या लेखनप्रकाराचा खरा वारसदार. त्याने पहिल्या लेखकाला खोटं पाडलेलं नाही, बढाई मारलेली नाही. दगड होता हे मान्य, आता नाही, कुठे गेला तेही पाहिलं, त्यामुळे वाटेत काय बदललं तेही, आणि कधी. ‘पावसाळ्यानंतरची पहिली चढाई’ हे तीन शब्द दगड पडण्याचं कारणही सांगून जातात.

या चार हातांच्या भांडणातूनच श्रेणी नावाची गोष्ट जन्मते. लंडनच्या एका शाळेत विज्ञान शिकवणारे ओवेन ग्लिन जोन्स हे वासडेलच्या वहीतले एक अग्रणी. त्यांनी १८९७ मध्ये लेक डिस्ट्रिक्टमधल्या चढायांवर पुस्तक लिहिलं आणि शेवटी सगळ्या वाटा कठीणपणाच्या क्रमाने चार गटांत बसवल्या: सोप्या, मध्यम, अवघड आणि विलक्षण कठीण. जो अनुभव चार ओळींत मांडला जायचा तो आता एका शब्दात आला. सोय मोठी झाली. पण शब्दांची एक खोड असते, ते झिजतात. चढणारे सुधारले, साधनं सुधारली, नव्या कठीण वाटांसाठी वर नवे शब्द रचावे लागले आणि जुने तळाला गेले. आज ब्रिटनमध्ये ‘डिफिकल्ट’ श्रेणीच्या वाटेवर शिकाऊ लोकांना नेतात. कातळ होता तसाच आहे. शब्दच खाली उतरला.

कॅलिफोर्नियातल्या टाकिट्झच्या कड्यावर १९५० च्या दशकात सिएरा क्लबच्या आरोहकांनी शब्दांऐवजी आकडे घेतले. दोर लागणाऱ्या चढाया पाचव्या वर्गातल्या, आणि त्यांचे दशांश ५.० ते ५.९. दहा पायऱ्या, संपलं. पण ५.९ पेक्षा कठीण वाटा निघू लागल्या, आणि मर्यादा ओलांडायचा संकोच असेपर्यंत त्या सगळ्या ५.९ मध्येच कोंबल्या गेल्या. शेवटी गणिताला न जुमानता ५.१० आलं, आणि आज हा जिना ५.१५ च्या चार उपपायऱ्यांपर्यंत पोचला आहे. पण जुन्या कड्यांवर जुन्या काळात दिलेला ५.९ हा आकडा दिसला की अनुभवी माणूस आधी वर्ष विचारतो. श्रेणी ही पाककृतीतल्या ‘चवीपुरतं मीठ’ यासारखी आहे: ज्या घरात लिहिली त्या घरात ती अचूक, बाहेरच्याला आधी त्या घरची चव माहीत असावी लागते. म्हणून श्रेणी लिहिणाऱ्या वहीत मतभेदही राहायला हवेत. पाच जणांनी पाच श्रेण्या दिल्या तर त्यांची सरासरी काढून एक आकडा ठेवणं हे नीटनेटकं दिसतं, पण त्यात एक गोष्ट पुसली जाते: ही वाट माणसागणिक बदलते. कधी कधी सगळ्यांत मोलाची माहिती तीच असते.

पुसण्याचा मोह या लेखनाचा मोठा शत्रू. काही गोष्टी पुसाव्या लागतात, हे खरं. पहिला आणि दुसरा हात मी त्या पानावरून काढीन. पण चौथ्याने दगड नसल्याचं लिहिल्यावर मूळ नोंदीतलं दगडाचं वाक्य खोडून टाकावं का? माझ्या मते नाही. योसेमिटीच्या हाफ डोमवरची वायव्य भिंत १९५७ मध्ये पहिल्यांदा चढली गेली, आणि तिथली वाट पुढे अर्धशतकभर जगभरच्या आरोहकांच्या ओळखीची झाली. २०१५ च्या जुलैच्या सुरुवातीला तिथून एक मोठी कातळपाटी निखळली आणि वाटेचा मधला भाग नाहीसा झाला. त्या भागाची सगळी वर्णनं एका रात्रीत इतिहासजमा झाली. तरी ती फेकून देण्यासारखी नाहीत. जुनं आणि नवं वर्णन शेजारी ठेवलं की कळतं, ही भिंत कुठे सुटते, कशी सुटते. तारखेसह राहिलेली चूक ही चूक राहत नाही, ती त्या दिवसाची साक्ष होते. तारखेशिवाय राहिलेली खरी गोष्ट मात्र कधीही खोटी होऊ शकते.

साक्षीत अपराधही आला. १८९२ च्या डिसेंबरात नॉर्मन कोली हा शास्त्रज्ञ स्कॅफेलवरच्या मॉस घिल या घळीत अडला, आणि पायाला आधार नाही म्हणून त्याने बर्फाच्या कुऱ्हाडीने कातळात खाच पाडली. खेळाच्या नीतीत हे बसत नाही. पण गोष्ट झाकली गेली नाही; ती खाच आजही ‘कोली स्टेप’ म्हणून त्याच्याच नावाने ओळखली जाते. पुढच्या प्रत्येक चढणाऱ्याला पाऊल ठेवताना कळतं की हा आधार निसर्गाचा नाही आणि कुणाचा आहे. इथे प्रामाणिकपणा हा गुण नैतिक कमी आणि भौगोलिक जास्त.

आता सह्याद्रीकडे यायला हरकत नाही, कारण आपल्याकडेही नागफणीपासून तैलबैल्यापर्यंत, लिंगाण्यापासून कोकणकड्यापर्यंत अशी नोंद लिहिली आणि वाचली जाते. आपला बेसाल्ट थरांचा. दोन थरांमध्ये कुठे कुठे मऊ, लालसर पट्टा, आणि तिथेच कपारी तयार झालेल्या. वर चार महिने पाऊस. म्हणजे वासडेलच्या कातळापेक्षा आपली नोंद लवकर शिळी होते. मागच्या हिवाळ्यात पक्की असलेली पकड या हिवाळ्यात हातात येऊ शकते. गवत वाढून कपारीची कड दिसेनाशी होते. कातळात ठोकलेल्या बोल्टला गंज चढतो, म्हणून ‘बोल्ट आहेत’ या वाक्याला ठोकल्याचं वर्ष नसेल तर ते वाक्य दिलासा देतं, माहिती देत नाही. आणि खोटा दिलासा माहिती नसण्याहून वाईट. आपल्या आरोहकांनी ठिकठिकाणी जुने बोल्ट काढून नवे बसवण्याचं कष्टाचं काम केलं आहे. ते काम नोंदीत वर्षासह आलं नाही तर पुढच्याच्या दृष्टीने अर्धं वाया जातं.

आपल्या नोंदीतले काही रकाने वासडेलच्या वहीला ठाऊक नव्हते. आग्या मोहोळ हा पहिला. कड्याच्या कोणत्या अंगाला पोळी आहेत, कोणत्या महिन्यात दिसली, वाऱ्याची दिशा काय, ही ओळ श्रेणीच्याही आधी यायला हवी. दोरावर लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते. ब्रिटनमध्ये हीच जागा बहिरी ससाण्यांच्या घरट्यांनी घेतलेली आहे: वसंतात काही कडे चढाईला बंद ठेवतात आणि मार्गदर्शिका तसं लिहितात. तिथे नोंद पक्ष्याला माणसापासून जपते, इथे माणसाला माशीपासून. दुसरा रकाना पाण्याचा. ‘माथ्यावर टाकं आहे’ हे किल्ल्याचं वर्णन झालं. ‘फेब्रुवारीअखेर टाक्यात पाणी होतं, गाळून घ्यावं लागलं’ ही नोंद झाली. तिसरा उतरण्याचा. आपल्या गप्पांत चढाईच जास्त असते. उतार एका वाक्यात उरकला जातो, आणि अंधार गाठतो तो उतारावरच.

आपल्याकडे दृष्टिभय हा एक फार चांगला शब्द रुळला आहे. खाली दिसणाऱ्या दरीने येणारी भीती तेवढी तो बाजूला काढतो. चढाईचा कठीणपणा वेगळा राहतो. ‘पकडी सोप्या, दृष्टिभय भरपूर’ एवढ्या चार शब्दांत नवख्याला दोन्ही बाजू कळतात. या शब्दात कमीपणाचा सूर नाही, म्हणून तो लिहायला कुणी लाजत नाही. वहीत खरं उतरावं असं वाटत असेल तर असे शब्द जपायला हवेत.

वही सांभाळणाऱ्यालाही या रसग्रहणात जागा द्यायला हवी. तो बहुधा निनावी असतो. क्लबचा एखादा जुना सभासद, एखाद्या मार्गदर्शिकेचा संपादक. एका प्रश्नावर त्याची सगळी अभिरुची उभी असते: ही ओळ काढली तर पुढच्याचं काही बिघडेल का? नाही बिघडणार, तर काढ. बिघडेल, तर ती कितीही ओबडधोबड असो, राहू दे. तो अशुद्धलेखन सुधारतो पण ‘हलतो’ला हात लावत नाही. स्तुती गाळतो, पण घाबरल्याची कबुली ठेवतो. दोन विरुद्ध नोंदी आल्या तर कुणाचं खरं हे स्वतः ठरवत बसत नाही. दोन्हींना तारीख आहे का, एवढं पाहतो. त्याचं नाव कुठे नसतं, आणि वहीचा सूर मात्र त्याचाच असतो.

आपल्या रचलेल्या पानावर चार हातांखाली एक पाचवा हातही आहे, तो मी मुद्दाम मागे ठेवला. त्याने एवढंच लिहिलं आहे: “वरचं तपासलं. अजून तसंच आहे. डिसेंबर.” यात नवीन काही नाही. या ओळीला शैली नाही, अनुभव नाही, लिहिणाऱ्याचा मागमूस नाही; साधारण वाचक ती ओलांडून जाईल. पण कड्याखाली उभ्या असलेल्याला विचारा. चौथ्याने सांगितलेला बदल एका माणसाची गोष्ट होती. या ओळीनंतर ती दोघांची झाली, आणि नोंद महिनाभराने तरुण झाली. स्वतःकडे सांगण्यासारखं नवं काही नसताना दुसऱ्याचं खरं आहे एवढं सांगायला लेखणी उचलणं हे अहंकाराला सगळ्यांत जड जाणारं लेखन. या प्रकारात पहिला क्रमांक द्यायचा झाला तर मी तो त्या नाट्यमय स्वल्पविरामाला देणार नाही, या रुक्ष ओळीला देईन. आणि पुढच्या वेळी कुठल्याही कड्यावरून उतरल्यावर, लिहिण्यासारखं काही घडलं नाही असं ज्याला वाटेल, त्याने नेमकं तेच तारीख घालून लिहावं.